भावाची शुगर रात्री ३१ झाली, दातखीळ बसली, आता घरात कुणालाच झोप नाही

पूर्वभागातली अक्का

नमस्कार, पहिल्यांदाच लिहितेय, लांबलंय जरा, सांभाळून घ्या.

माझा धाकटा भाऊ १९ वर्षांचा, टाइप वन डायबेटिस, पाचवीत असताना निघालं. दिवसातनं चार वेळा इन्शुलिनचं पेन, तीन वेळा जेवणाआधीचं आणि रात्री झोपताना ते लांब चालणारं. इतक्या वर्षांत लो व्हायचा, म्हणजे शुगर खाली जायची, ६०, ५५, हात थरथरायचे की स्वतःच उठून डब्यातली साखर खायचा, आम्हाला कधी कधी कळायचं पण नाही. त्यामुळं आम्ही सगळे निर्धास्त होतो.

यंदा गड्ड्याला, म्हणजे आमच्या सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेत, भोगीच्या दिवशी ६८ लिंगांच्या मिरवणुकीत नंदीध्वजामागं दिवसभर चालला, अनवाणी, दोस्तांबरोबर. रात्री आला, पाय दुखतेत म्हणून कडकडीत पाण्यानं अंघोळ केली, मशीनवर बघितलं तर १४२, मग नेहमीसारखं ८ युनिट घेतलं आणि जेवायला बसला. दीड भाकरी खातो तो, पण त्या दिवशी अर्धी भाकरी आणि थोडी भोगीची भाजी खाऊन ताटावरच पेंगायला लागला. आई म्हणाली झोपू दे बाळाला, दमलाय. त्यानं रात्रीचं पेन घेतलं आणि आडवा झाला.

तीनच्या सुमाराला मला आवाज आला, घोरल्यासारखा पण घोरणं नव्हे, घशातनं काहीतरी. लाइट लावला तर बनियन पिळून काढावं इतका घाम, उशी ओली, अंग गार, डोळे उघडे पण माझ्याकडं बघत नव्हता. हाक मारली तर हात झटकला. अप्पांनी धरायला बघितलं तर त्यांना ढकललं आणि शिवी दिली, जो पोरगा अप्पांसमोर मान वर करून बोलत नाही त्यानं. मग दातखीळ बसली आणि अंग झटके देऊ लागलं.

शेजारपाजारचे आले. एकजण म्हणाले फिट आहे, कांदा हुंगवा. एक मावशी म्हणाल्या गर्दीतनं काहीतरी लागून आलंय. आणि एकानं तर सांगितलं की शुगर वाढली असणार, इन्शुलिन द्या लगेच. मी कसंतरी बोट टोचलं, ३१ आलं. तोपर्यंत आईनं साखरेचं पाणी करून चमच्यानं दातांतनं आत घालायला सुरुवात केली होती, त्याला असा ठसका लागला की पाणी नाकातनं आलं आणि ओठ काळेनिळे झाले. तो ठसका अजून माझ्या कानातनं जात नाही.

चौकातनं रिक्षा आणली, दवाखान्यात शिरेतनं ग्लुकोज दिलं आणि पाच-सात मिनिटांत पठ्ठ्या डोळे उघडून विचारतो, अक्का, माझी चप्पल कुठंय? त्याला काहीसुद्धा आठवत नाही.

आता तीन आठवडे झाले. आई रात्री तासातासाला उठून त्याच्या मानेला हात लावून घाम बघते. अप्पा लूमवरनं येतात आणि गप्प बसतात. आणि तो स्वतः आता मुद्दाम शुगर वर ठेवतोय, रात्रीचं इन्शुलिन आपल्याच मनानं निम्मं केलंय, झोपताना चार लाडू खातो, सकाळी २८०, ३००. काही बोललं की चिडतो, म्हणतो तुम्हाला काय कळतंय, मरायला मी टेकलो होतो. मला दोन गोष्टी सांगा कुणीतरी, एक म्हणजे परत तसं झालं तर आम्ही घरच्यांनी नेमकं काय करायचं, आणि दुसरं, ही भीती घरातनं घालवायची कशी. डॉक्टरांची वेळ पुढच्या आठवड्यात आहे पण तिथं पाच मिनिटांत काय काय विचारणार.

---

पेनवाला मास्तर

ताई, मी जुळे सोलापूरचा, शाळेत शिकवतो, ११ वर्षांचा असताना मला टाइप वन निघालं, आता ३४ चालू आहे. असली रात्र माझ्यापण दोनदा झालीय त्यामुळं तुमचं वाचताना पोटात गोळा आला.

पहिलं म्हणजे हे का झालं ते भावाला नीट समजावून सांगा, कारण कारण कळलं की निम्मी भीती कमी होते. तुम्ही लिहिलंय त्यातच सगळं आहे. दिवसभर चालल्यावर पायांचे स्नायू रिकामे होतात आणि रात्रभर रक्तातली साखर ओढून घेत राहतात, चालताना नाही तर सात-आठ, कधी दहा-बारा तासांनी शुगर पडते, दुसऱ्या दिवसापर्यंत हा परिणाम राहतो. त्यात त्यानं दीड भाकरीचं इन्शुलिन घेतलं आणि अर्धी भाकरी खाल्ली. त्यात कडक पाण्यानं अंघोळ, अंग तापलं की इन्शुलिन लवकर लागू होतं. आणि वर रात्रीचा पूर्ण डोस. १४२ बघून तो निर्धास्त झाला पण १४२ हा त्या घटकेचा आकडा, तो वर चाललाय की खाली हे बोटाच्या टोचणीवरनं कळत नाही. म्हणजे हे आभाळातनं पडलेलं संकट नव्हतं, चार गोष्टी एकाच रात्री जमून आल्या. त्या चार गोष्टी हातात ठेवता येतात.

मी माळशिरसपासनं पंढरपूरपर्यंत वारीत चालतो, तीन वर्षं झाली. माझ्या डॉक्टरांनी चालायच्या दिवसांत रात्रीचं लांबणारं इन्शुलिन २० टक्क्यांनी कमी करायला सांगितलंय, जेवणाचं पण कमी, आणि भूक नाही असं वाटलं तर आधी जेवायचं, किती पोटात गेलं ते बघायचं आणि मग तेवढंच इन्शुलिन घ्यायचं. हे आकडे माझे आहेत, त्याचे त्याच्या डॉक्टरांकडनंच घ्या, पण हा प्रश्न मात्र नक्की विचारा की जास्त चालल्याच्या दिवशी किती कमी करू. झोपताना शुगर बघायची, १५० च्या खाली असली तर मी एक भाकरी दुधात कुस्करून खातो, आणि त्या रात्री तीनचा गजर लावून परत एकदा टोचतो. रोज नाही हं, फक्त दमलेल्या दिवशी.

लो झाल्यावर पेढा, चॉकलेट, शेंगापोळी असलं काही देऊ नका, त्यातल्या तुपातेलानं साखर रक्तात जायला वेळ लागतो. ग्लुकोज पावडर नाहीतर साधी साखर तीन चमचे पाण्यात, म्हणजे साधारण १५ ग्रॅम, १५ मिनिटं थांबायचं, परत टोचायचं, अजून ७० च्या खाली असली तर परत तेवढंच. ७० च्या वर आली की मग भाकरी-भात. पण हे सगळं तो शुद्धीवर असेल, गिळू शकत असेल तरच.

---

सासऱ्यांचा जावई

माझ्या सासऱ्यांना पंधरा वर्षं शुगर आहे, ३०० असते कायम, ठणठणीत आहेत. पोरगं घाबरलंय तर राहू द्या की वर, लो होण्यापेक्षा बरं. कारल्याचा रस चालू करा सकाळी.

---

पेनवाला मास्तर

दादा, राग मानू नका पण हे टाइप वनच्या पोराला सांगू नका. तुमच्या सासऱ्यांच्या शरीरात थोडंफार इन्शुलिन तयार होतं, ह्याच्या शरीरात जवळजवळ नाहीच. ह्यानं बाहेरचं कमी केलं की शरीर चरबी जाळायला लागतं, रक्तात कीटोन नावाची आम्लं वाढतात, उलट्या, पोटदुखी, श्वास जोरात आणि थेट आयसीयू. माझ्या ओळखीतली एक पोरगी अशीच गेलीय, भीतीनंच इन्शुलिन कमी केलं होतं तिनं. ताई, सतत ३०० दिसतंय आणि उलटी किंवा पोटदुखी झाली तर पुढच्या आठवड्याची वाट बघू नका, त्याच दिवशी जा.

---

रात्रपाळी सिस्टर

मी स्टाफ नर्स आहे, कॅज्युअल्टीत बरीच वर्षं काढलीत, म्हणून ठसक्याबद्दल बोलते कारण हेच आमच्याकडं सगळ्यात जास्त बिघडलेलं येतं. शुगर लो होऊन बेशुद्ध झालेला माणूस वाचतो हो, पण घरच्यांनी प्रेमानं तोंडात ओतलेलं साखरपाणी फुप्फुसात गेलं की मग न्यूमोनिया आणि काय काय. आईंना अपराधी वाटू देऊ नका, सगळ्या आया हेच करतात, पण पुढच्या वेळी अजिबात नाही. हाक मारल्यावर ओ देत नाही, स्वतःच्या हातानं पेला धरून पिऊ शकत नाही, तर तोंडात काही म्हणजे काही नाही, पाणी नाही, मध नाही, दातांत चमचा नाही.

त्याला कुशीवर वळवा, वरचा पाय गुडघ्यात दुमडून पुढं, तोंड जमिनीकडं, म्हणजे लाळ किंवा उलटी बाहेर येईल. झटके येत असतील तर दाबून धरू नका, आजूबाजूचं पाटा-वरवंटा, स्टूल लांब सरकवा. एकजण १०८ ला फोन करेल, महाराष्ट्रात कुठंही लागतो आणि पैसे लागत नाहीत, फोनवर स्पष्ट सांगा की टाइप वन डायबेटिस आहे, शुगर ३१ आहे, बेशुद्ध आहे. नुसतं फिट आली म्हटलं तर वेळ जातो.

आणि ग्लुकागॉन. हे नाव बऱ्याच घरांना माहितीच नसतं आणि याचं मला फार वाईट वाटतं. इन्शुलिनच्या उलट काम करणारं हार्मोन, लिव्हरमध्ये साठवलेली साखर बाहेर काढतं. नारंगी डबीत पावडरची बाटली आणि पाण्यानं भरलेली सिरिंज असते, पाणी बाटलीत सोडायचं, हलवायचं, परत सिरिंजमध्ये ओढायचं आणि मांडीच्या बाहेरच्या बाजूला, कपड्यावरनं दिलं तरी चालतं. मोठ्या माणसाला पूर्ण १ मिलिग्रॅम, २५ किलोच्या आतल्या लेकराला निम्मं. दहा-पंधरा मिनिटांत शुद्ध येते. नंतर उलटी होते बऱ्याचदा, म्हणून कुशीवरच ठेवायचं. शुद्ध आली की साखरपाणी, मग जेवण, आणि तरी डॉक्टरांना दाखवायचं. इंजेक्शन देऊनसुद्धा १०८ लावायचाच, कारण दिवसभर पोटात काही नसेल, कडक उपास असेल, दारू घेतलेली असेल तर लिव्हरमध्ये साठाच नसतो आणि मग ते नीट चालत नाही.

प्रत्येक मेडिकलमध्ये मिळत नाही, चिठ्ठी घेऊन मोठ्या मेडिकलला आधी सांगून ठेवावं लागतं, ते मागवून देतात. आपल्याकडं एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ ला जातो, त्यामुळं फ्रीजमध्येच ठेवा, फ्रीझरला चिकटून मात्र नको. डबीवरची तारीख कॅलेंडरवर लिहून ठेवा.

आणि त्या शेजाऱ्यांना गोड बोलून सांगा की टाइप वनचा माणूस बेशुद्ध असताना इन्शुलिन द्यायचं नाही कधीच. मशीन सापडत नसेल तर लो आहे असंच धरून चालायचं.

---

पूर्वभागातली अक्का

सिस्टर, मास्तर, वाचून दाखवलं आईला. ग्लुकागॉन आम्हाला आठ वर्षांत कुणी सांगितलं नाही हो. आई म्हणते मी सुई कशी मारू, माझे हात कापतील. आणि सतत शुगर दाखवणाऱ्या सेन्सरचं पण कुणीतरी मागं सांगितलं होतं, तो दंडाला लावायचा, पण दर चौदा दिवसाला नवा घ्यायचा म्हणजे आमच्याच्यानं होणार नाही.

---

रात्रपाळी सिस्टर

संत्र्यावर सराव करा. सिरिंज घ्या, साधं पाणी भरा आणि आईंना संत्र्यात टोचायला लावा, आम्ही पण तसंच शिकलो. डॉक्टरांना भेटाल तेव्हा त्यांच्या सिस्टरना सांगा की डबी उघडून एकदा दाखवा, पाच मिनिटांचं काम आहे, कुणी नाही म्हणत नाही. सेन्सर कायमचा नाही जमला तरी डोस बसवायच्या दोन आठवड्यांपुरता एक लावता येतो का विचारा, रात्रीचं चित्र कळतं. नाही जमलं तर बोट आहेच. आणि पोटावर, मांडीवर हात फिरवून गाठी आहेत का बघा, एकाच जागी टोचून टोचून चरबीच्या गाठी होतात, तिथं इन्शुलिन कधी लागू होतं कधी नाही, मग कारण नसताना शुगर खाली-वर होते.

---

अक्कलकोटरोडची वहिनी

माझ्या मिस्टरांना टाइप वन हाय, लग्नाला नऊ वर्षं झाली. औषधाचं वरच्यांनी सांगितलंच, मी भीतीचं सांगते कारण ते मी लई भोगलंय.

लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी त्यांना असंच झालं, मला ओळखंनात, तू कोण हाईस म्हणाले आणि दाराला कडी लावू लागले. मी महिनाभर रडूलालते, मला वाटायचं ह्यांच्या मनातच तसं काहीतरी असंल. मग डॉक्टरांनी समजावलं की मेंदूला साखर मिळंना झाली की माणूस माणसात नसतो, जे बोलतो ते त्याचं बोलणंच नव्हे. तुमच्या अप्पांना हे सांगा ताई. ते गप्प बसूलालेत ते भीतीनं नाही, त्या शिवीनं बसूलालेत, मला तसं वाटतंय. आणि पोराला पण कुणीतरी सांगितलं असणार की तू अप्पांना ढकललास, त्याला तेच खातंय. त्याच्यासमोर ती रात्र परत परत सांगू नका, पाहुण्यांना तर नाहीच.

तासातासाला उठणं बंद करा, आई आजारी पडतील. आमच्यात ठरलंय असं, रात्री अकराला ते स्वतः टोचतात आणि आकडा मोठ्यानं सांगतात, मी फक्त हूं म्हणते, त्याच्यावर भाषण नाही. कमी असला की खातात. दमून आलेल्या दिवशी तीनचा गजर माझ्या फोनवर, मी उठवते, ते टोचतात. बाकी रात्री मी झोपते. उशाशी एक बरणी हाय, त्यात ग्लुकोज पावडर, चमचा आणि पाण्याची बाटली, ती बरणी घरात कुणी हलवत नाही, पोरं सुद्धा नाही. आणि मी "साखर" असं म्हटलं की वाद घालायचा नाही, आधी खायचं मग बोलायचं. कारण लो झाली की ते म्हणणारच मला काय झालं नाही. हे ठरवून घेतलं तेव्हापासनं आमची भांडणं निम्मी झाली बघा.

---

पूर्वभागातली अक्का

वहिनी, अप्पांचं तुम्ही बरोबर ओळखलंत. काल रात्री मी त्यांना सांगितलं ते मेंदूचं, ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग उठून त्याच्या अंगावरची चादर सारखी केली.

डॉक्टरांकडं जाऊन आलो. रात्रीचा डोस मूळच्यापेक्षा थोडा कमी पण निम्मा नाही, लाडू बंद, दोन-तीन आठवडे झोपताना १५० ते १८० च्या आसपास ठेवायचं आणि एकदापण ७० च्या खाली जाऊ द्यायचं नाही असं सांगितलं. मांडीवर खरंच दोन गाठी निघाल्या, तो सवयीनं तिथंच टोचत होता. ग्लुकागॉनची चिठ्ठी दिलीय, मेडिकलवाला चार दिवसांत देतो म्हणाला. भावाला हा सगळा धागा दाखवला, त्याला लिहायचंय म्हणतो, माझ्याच आयडीवरनं लिहितोय.

नमस्कार, मी तोच. अक्काला मी म्हणालो होतो मला काही आठवत नाही, ते पूर्ण खरं नाही. मला आठवतंय की खूप लांबून नंदीध्वजाच्या घुंगरांसारखा आवाज येत होता आणि मला उठायचं होतं पण हात माझे नव्हते. आणि खूप माणसं वर वाकून बघत होती आणि मला त्यांचा राग येत होता. अप्पांचं नाही आठवत. ते अक्काच्या मोबाइलवर हे सगळं वाचलं तेव्हा कळलं. आता मला एक विचारायचंय मास्तरांना. मला पूर्वी ६५ ला हात थरथरायचे, घाम यायचा. गेल्या वर्षभरात ते होईनासं झालंय, ५० ला पण मी कॉलेजात नॉर्मल बसलेलो असतो. त्या रात्री पण मला जाग नाही आली. मला खरी भीती त्याची आहे, सांगणारं कुणी आतमध्ये राहिलंच नाही अशी. ते थरथरणं परत येतं का?

---

पेनवाला मास्तर

येतं. मित्रा, हे तू विचारलंस ते फार बरं केलंस. सारखं सारखं लो झालं की शरीर ओरडायचं सोडून देतं, एक लो झाला की पुढच्या एक-दोन दिवसांतल्या लोची खूण अजून उशिरा कळते, असं करत करत ती बंदच पडते. पण दोन-तीन आठवडे एकही लो होऊ दिला नाही तर बऱ्याच जणांत ती खूण परत येते. तुझ्या डॉक्टरांनी ७० च्या खाली जाऊ नको म्हणून सांगितलंय ते त्याच्यासाठीच, घाबरून नाही. ते ३०० वर ठेवून पण होतं, पण त्याची गरज नाही, १५० नं पण होतं. तोपर्यंत अंगावर विसंबू नको, गाडीला किक मारायच्या आधी टोच, पेपरच्या आधी टोच, खिशात ग्लुकोजची पुडी आणि पाकिटात टाइप वन असल्याची चिठ्ठी ठेव, आणि कॉलेजातल्या एका तरी दोस्ताला सांगून ठेव की मी बावळटासारखा वागलो तर मला साखर दे.

माझं सांगतो. मला दुसऱ्यांदा झालं त्यानंतर अशीच खूण गेली होती. डॉक्टरांनी सांगितलं तसं केलं, दिवसातनं सात-सात वेळा टोचायचो, बोटं नुसती चाळणी झाली होती. तिसऱ्या आठवड्यात सातवीच्या वर्गात फळ्यावर गणित लिहीत होतो आणि खडू थरथरायला लागला, मानेवर घाम. मशीन काढलं, ६६. पोरांकडं पाठ करून खिशातली साखर तोंडात टाकली आणि तसाच फळ्याला टेकून उभा राहिलो दोन मिनिटं, डोळ्यांत पाणी आलं होतं म्हणून वळता येईना.